फलाटावरचा माणूस

बाजारातल्या त्या चष्म्याच्या दुकानाला दोन दारं होती. पुढचं गिऱ्हाइकांसाठी. मागचं एका बोळात उघडायचं, आणि त्या दाराशी, भिंगं घासायच्या यंत्राच्या शेजारी, चष्मेवाल्याने आपला दुसरा संसार मांडला होता. एक स्कॅनर, एक जुना कॉम्प्युटर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये भरलेले रेल्वेचे जुने फोटो.

"आमच्या ह्यांना शंभर वर्षांपूर्वीचं इंजिन दिसतं," त्याची बायको काउंटरवरून गिऱ्हाइकांना सांगायची, "समोर उभा असलेला माणूस तेवढा दिसत नाही."

त्याच्या घरात रेल्वेत कोणी नव्हतं. लहानपणी रद्दीवाल्याकडे एक फाटका अल्बम हाती लागला होता, तेवढंच निमित्त. पुलाच्या अर्धवट खांबावर ओळीने उभे असलेले मजूर, डोक्यावर खडीच्या टोपल्या घेऊन कॅमेऱ्याकडे बघायचं विसरलेल्या बायका, इंजिनाच्या चाकाला टेकून उभा असलेला आणि चाकाहून बुटका दिसणारा एक फिटर. त्या फिटरच्या तोंडावर असा काही रुबाब होता की जणू इंजिन त्यानेच विकत घेतलंय. चष्मेवाला त्या फोटोवर भाळला तो कायमचाच. पुढे त्याने इंटरनेटवर जुन्या रेल्वे फोटोंचं एक पान सुरू केलं. कोणाच्या आजोबांच्या पेटीतून, कोणाच्या कपाटावरून, बंद पडलेल्या मासिकांमधून फोटो येत गेले. तो ते साफ करायचा, चढवायचा, आणि खाली लिहायचा: कोणी दिला, कुठला असावा, काय माहीत आहे, आणि काय माहीत नाही. "माहीत नाही" हे दोन शब्द लिहिताना त्याला कधी कमीपणा वाटला नाही. उलट एकदा एका नावाजलेल्या अभ्यासकाने अंदाजाने साल ठोकून दिलं, तेव्हा यानेच त्याला सगळ्यांसमोर धारेवर धरलं होतं. लोकांचा विश्वास बसला तो त्यामुळेच.

पण पेट्या काही अक्षयपात्रं नसतात. हळूहळू फोटो आटले. लोक विचारायला लागले, "आज काही नवीन नाही?" त्याने जुनेच पुन्हा टाकले, तर कोणीतरी लगेच लिहिलं, "काका, हा झालाय." त्याला ते लागलं.

त्याच सुमारास दुकानाच्या जाहिरातीसाठी त्याने एक नवा प्रोग्राम घेतला होता. हवं ते शब्दांत लिहायचं, आणि कॉम्प्युटर चित्र काढून देतो. पहिल्याच चित्रातल्या चष्मा घातलेल्या हसऱ्या बाईला एका हाताला सहा बोटं आली. बायकोने ती जाहिरात तशीच लावली. "निदान लोक थांबून मोजतात तरी," ती म्हणाली.

एका रिकाम्या दुपारी, सहज गंमत म्हणून, त्याने लिहिलं: दरीतलं छोटं स्टेशन, पत्र्याचं छप्पर, फलाटावर मोठं झाड, झेंडा हातात घेतलेला स्टेशनमास्तर, जुना फोटो.

जे आलं ते त्याने मोठं करून बघितलं. इतका सुंदर फोटो त्याच्या सगळ्या खोक्यांमध्ये नव्हता. मास्तरांची टोपी किंचित तिरपी होती. गाडी नुकतीच गेल्यासारखे ते रुळांच्या टोकाकडे बघत होते. स्टेशनच्या पाटीवरची अक्षरं मात्र चिरडलेल्या मुंग्यांसारखी होती, कुठल्याच भाषेतली नव्हती. आणि कंदिलाचा दांडा खांबात विरघळून गेला होता. चष्मेवाल्याने इतकी वर्षं खरे फोटो साफ केले होते. ते कुठे कुठे आणि कसे खराब होतात हे त्याला पाठ होतं. त्याने पाटीवर ओलीचा एक डाग पसरवला. खांबावरून एक ओरखडा नेला. एक कोपरा कुरतडला. आणि खाली लिहिलं: "धरणाच्या पाण्याखाली गेलेलं एक छोटं स्टेशन. साल माहीत नाही."

संध्याकाळी खरं सांगून टाकू, लोकांना हसवू, असं त्याच्या मनात होतं. संध्याकाळपर्यंत त्या फोटोने आजवरचे सगळे फोटो मागे टाकले होते. "डोळ्यांत पाणी आणलंत." "असे फोटो तुम्हीच शोधू जाणे." त्याने खरं सांगायचं उद्यावर टाकलं. उद्या आल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली, की इतकी स्टेशनं पाण्याखाली गेली, त्यातलं एखादं असं असेलच की. हे वाक्य त्याला बरं वाटलं आणि विषय संपला.

काही दिवसांनी दुकानात सिस्टर आल्या.

सरकारी दवाखान्यात जन्मभर मुख्य परिचारिका होत्या, म्हणून अख्खं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. लग्न केलं नव्हतं. मावशीला सोबत म्हणून भाची त्यांच्याकडे राहायची आणि बालवाडीत शिकवायची. चष्मेवाल्याला वाटलं, भिंगं बदलायची असतील. पण त्यांनी पिशवीतून चष्मा काढला नाही. भाचीचा फोन काढला आणि काउंटरवर ठेवला. पडद्यावर तो फोटो होता.

"हे आमचे अण्णा," सिस्टर म्हणाल्या.

चष्मेवाल्याने फोन उचलून पुन्हा बघितला. फोटो तोच होता.

"माझे वडील हो. स्टेशनमास्तर होते. मी अगदी लहान होते. धरण झालं, स्टेशन गेलं, घर गेलं. सामान हलवताना ट्रंक पाण्यात पडली, त्यात त्यांचा होता नव्हता तो एकुलता एक फोटो गेला. पुढे वर्षभरात तेही गेले." त्यांनी त्या स्टेशनचं नाव सांगितलं. "ते झाड बघा. त्याच्याखाली मी खेळायचे. आणि टोपी! आई रोज म्हणायची, अहो, सरळ घाला जरा."

"सिस्टर, पण... जुन्या फोटोत सगळेच मास्तर जरा सारखेच दिसतात," तो कसाबसा म्हणाला.

"बापाला मुलगी ओळखणार नाही?" सिस्टर हसल्या. चष्मेवाल्याने त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. "मला हा मोठा करून द्या. भिंतीवर लावता येईल असा. माझे भाऊ यायचेत, त्यांना दाखवायचाय."

तो "बघतो" म्हणाला. त्याला "नाही" म्हणायचं होतं, तोंडून निघालं ते "बघतो".

त्या गेल्यावर बायको आत आली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तो फोटो कसा झाला हे तिला माहीत होतं.

"आत्ताच्या आत्ता त्यांच्या मागे जा."

"किती खुश झाल्या होत्या, बघितलंस ना?"

"म्हणून तर म्हणतेय. आज थोडं वाईट वाटेल त्यांना. पुढे जास्त वाटेल."

"सांगतो. नीट, घरी जाऊन सांगतो."

पण घरी जाण्याआधी त्याने फोटो मोठा करून घेतला. चांगल्या कागदावर, साध्या काळ्या चौकटीत. निदान रिकाम्या हाताने जायला नको, असं काहीतरी तो बायकोला म्हणाला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने चौकट कागदात गुंडाळून उलटी धरली.

सिस्टरांच्या घरी पोचला तेव्हा चार वाजले असतील. त्याला वाटलं होतं, त्या एकट्या असतील. दार उघडलं ते भाचीने, आणि तिच्यामागे खोली भरलेली होती. दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणी, शेजारचं जोडपं, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत एक सडपातळ म्हातारे गृहस्थ. सिस्टरांचे थोरले भाऊ. दूरच्या शहरात त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती, आणि सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत.

"आले बघा!" सिस्टर उठल्या. "यांच्यामुळे अण्णा घरी आले."

चौकट त्याच्या हातातून घेतली गेली. कागद फाडला गेला. "अगदी सिस्टरांसारखं नाक!" एक मैत्रीण म्हणाली. "कपाळ तर हुबेहूब," दुसरी म्हणाली. मग फोटो घड्याळजींच्या मांडीवर आला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला.

"हे अण्णा नाहीत," ते म्हणाले.

एका मैत्रिणीने वाकून पुन्हा फोटो बघितला.

"असं काय म्हणतोस दादा?" सिस्टर म्हणाल्या.

"अण्णांची हनुवटी अशी नव्हती. भुवया जुळलेल्या होत्या त्यांच्या, मधे जागाच नव्हती. आणि अण्णा डावखुरे होते. झेंडा डाव्या हातात धरायचे. याने बघ, उजव्या हातात धरलाय."

"ड्यूटीवर उजव्या हातात धरावा लागत असेल."

"नाही धरायचे. मी रोज बघायचो."

"म्हणजे मी नाही बघायचे?" सिस्टरांचा आवाज चढला. "तू मोठा म्हणून तुलाच अण्णा आठवतात का? आयुष्यभर मी तुला विचारत आले, कसे दिसायचे सांग, आणि तू म्हणायचास, कसं सांगणार, शब्दांत येत नाही. आता समोर आलेत तर म्हणतोस, हे नाहीतच!"

"तसं नाही गं. पण झाडसुद्धा फलाटाच्या त्या बाजूला..." घड्याळजी थांबले. त्यांनी चष्मेवाल्याकडे बघितलं. अगदी सरळपणे, मदत मागावी तसं. "तुम्हीच सांगा साहेब. हा कुठून मिळाला? आमच्याच स्टेशनचा कशावरून?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आल्या. भाची त्याच्या हातात चहाचा कप ठेवत होती. सांगायची वेळ हीच होती. याहून सरळ विचारणारं कोणी भेटणार नव्हतं. समोर एवढी माणसं, सिस्टरांचा लालबुंद झालेला चेहरा, आणि "यांच्यामुळे अण्णा घरी आले" हे वाक्य अजून खोलीत तरंगत होतं.

"एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या अल्बममध्ये होता," तो म्हणाला. आणि तेवढ्याने भागलं नसतं असं वाटून पुढे म्हणाला, "मागे स्टेशनचं नाव लिहिलेलं होतं." सिस्टरांनी दुकानात सांगितलेलं नाव त्याने जसंच्या तसं उच्चारलं.

"झालं समाधान?" सिस्टर म्हणाल्या.

घड्याळजींनी फोटो पुन्हा बघितला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ठामपणा उतरत गेला. नजर फोटोवर होती, पण ते आत कुठेतरी काहीतरी शोधत होते आणि ते त्यांना सापडत नव्हतं.

"लिहिलेलंच असेल तर..." ते म्हणाले. "मग मीच विसरलो असेन. चुकलं माझं. माफ कर गं." त्यांनी बहिणीचा हात धरला. सगळ्यांनी हुश्श केलं. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. चष्मेवाल्याने चहा संपवला. तो संपवल्याशिवाय उठता येत नव्हतं.

तो रस्त्यावर आला. म्हातारीला खोटा आनंद दिला, इथवर त्याने स्वतःला कसंबसं समजावलं असतं. पण एका माणसाची खरी आठवण त्याने भर सभेत खोटी ठरवली होती, आणि वर त्या माणसाने माफी मागितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोच घड्याळजी दारात उभे.

"डोळे तपासायचेत," ते म्हणाले.

त्याने त्यांना आतल्या खोलीत नेलं. अंधार केला, समोरच्या पाटीवर उजेड सोडला. घड्याळजींनी वरची अक्षरं वाचली, मधली वाचली, खालची बारीक ओळ जरा थांबत पण बिनचूक वाचली. त्याने यंत्रातून बुबुळं बघितली. या वयात असे डोळे क्वचित बघायला मिळतात.

"उत्तम आहेत डोळे तुमचे. काही करायला नको."

"हेच मला ऐकायचं नव्हतं," घड्याळजी म्हणाले. त्यांनी हनुवटी यंत्रावरून काढली नाही. तसेच बसून बोलत राहिले. "डोळे अधू असते तर म्हणालो असतो, फोटो नीट दिसला नाही. डोळे चांगले आहेत म्हणजे बिघाड डोक्यात आहे. काल झोप नाही आली. अण्णांचा चेहरा मी एवढी वर्षं सांभाळून ठेवला होता. बहिणीला सांगता आला नाही कधी, पण मला दिसायचा, रोज दिसायचा. आणि तो भलत्याच कोणाचा निघाला. मग बाकीचं तरी काय खरं धरायचं? मला ते उचलून घ्यायचे आणि सिग्नलचा दांडा ओढायला लावायचे, असं मला आठवतं. दांडा गार लागायचा. तेही झालंच नसेल. कानावर पेन्सिल ठेवून झोपी जायचे, तेही मीच रचलं असेल."

"झालंय ते," चष्मेवाला म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

त्याने खोलीतला दिवा लावला. अंधारात सांगणं सोपं गेलं असतं, म्हणूनच लावला.

"तुमचं बरोबर आहे. ते तुमचे वडील नाहीत. तो फोटो मी बनवलाय."

"बनवला म्हणजे? कापून चिकटवलाय?"

"नाही. कॉम्प्युटरला सांगितलं, त्याने काढून दिला. वरचे डाग मी टाकले."

"आणि तो माणूस?"

"तसा माणूस कधी नव्हताच."

घड्याळजींनी हे हळूहळू पचवलं. "पण मागे नाव लिहिलं होतं म्हणालात."

"नव्हतं. त्या फोटोला मागची बाजूच नाही."

तो वाट बघत राहिला. त्यांनी ओरडावं, शिव्या घालाव्यात, कानफटात द्यावी. घड्याळजींनी खिशातून रुमाल काढला आणि हनुवटी पुसली, जिथे यंत्राचा टेकू लागला होता.

"काल मी तिची माफी मागितली," ते म्हणाले. "सगळ्यांदेखत. तुम्ही तिथेच बसला होतात. चहा पीत."

चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी सांगतो त्यांना," तो म्हणाला. "आपण दोघे जाऊ."

"तुम्ही सांगायचं. मी शेजारी उभा राहणार नाही. मी आत्ता बागेत जाऊन बसतो आणि जेवायच्या वेळी घरी जातो. तोपर्यंत तिला कळलेलं असलं पाहिजे."

ते उठले. दारात बायको उभी होती. तिने वाट दिली. "मी येऊ का बरोबर?" तिने नवऱ्याला विचारलं. तो नको म्हणाला. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

सिस्टर एकट्याच होत्या. फोटो खिडकीशेजारच्या भिंतीवर लागला होता आणि त्या ओल्या फडक्याने काच पुसत होत्या. त्याने दारातूनच सांगितलं. बसलो तर पुन्हा चहा येईल, अशी त्याला धास्ती होती.

सिस्टरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दादाने पाठवलं का तुम्हाला?"

"नाही सिस्टर."

"त्याला पहिल्यापासून सहन होत नाही. काल सगळ्यांसमोर कमीपणा आला, म्हणून आज तुम्हाला पढवून पाठवलं."

"तसं नाही हो. मीच खोटं बोललो."

"कशावरून तुम्ही आज खोटं बोलत नाही?"

जे करायला नको होतं तेच आता करावं लागणार होतं. त्याने फोन काढून त्यावर तोच प्रोग्राम उघडला, त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि त्या दुपारी लिहिलेले तेच शब्द पुन्हा लिहिले. थोड्या वेळात पडद्यावर एक फलाट उमटला. पत्र्याचं छप्पर, मोठं झाड, झेंडा घेतलेला मास्तर. निराळा मास्तर. जाड मिशांचा. त्याने पुन्हा बटण दाबलं. दुसरा आला, किडकिडीत, चष्मा लावलेला. मग एक तरुण. मग एक, ज्याची टोपी तिरपी होती.

सिस्टर बघत होत्या. दर चेहऱ्याला त्यांचे डोळे क्षणभर मोठे व्हायचे, हा तर नव्हे ना असं वाटल्यासारखे.

"पुरे," त्या म्हणाल्या.

त्याने फोन खाली घेतला. त्या खुर्चीत बसल्या. फडकं हातातच होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"सिस्टर, मला माफ—"

"थांबा. माफीचं राहू दे." त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. "मला आधी काय आठवायचं माहीत आहे? फार नाही. एक अंधूक असं. उंच, अंगाला कोळशाचा वास, आणि वरून वाकलेला एक चेहरा. नीट दिसायचा नाही, पण होता. हा फोटो बघितल्यापासून डोळे मिटले की हाच येतो. अगदी स्पष्ट. तो आधीचा कुठे गेला?"

त्याने फोन खिशात घातला.

"तुम्हाला विचारतेय मी. तो कुठे गेला?"

"मला माहीत नाही, सिस्टर."

त्या उठल्या. चौकट भिंतीवरून स्वतः उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरा बांधला. परिचारिकेचे हात, गाठ पक्की आणि साफ बसली. "माझ्याने फेकवणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस त्याला अण्णा म्हटलंय. तुम्ही फेका. आणि पुन्हा या घरी येऊ नका."

भर दुपारच्या बाजारातून तो ते पुडकं घेऊन चालत आला. ओळखीच्या माणसाने हटकलं, "काय, नवीन फोटो का?" तो मान खाली घालून पुढे गेला. दुकानात येऊन त्याने दोरा सोडला, चौकट काढली, कागद दोन्ही हातांत धरला. त्यालाही तो फाडवेना. बायकोने तो त्याच्या हातातून घेतला आणि टराटरा फाडला.

"कोणी नाहीये तो," ती म्हणाली आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकून पुढे निघून गेली.

त्याच दिवशी त्याने आपल्या पानावर सगळं लिहिलं. फोटो कसा बनवला, डाग कसे टाकले, आणि एका कुटुंबाला तो खरा आहे असं तोंडावर कसं सांगितलं. नाव कोणाचं लिहिलं नाही. शिव्या पडतील हे त्याने धरलंच होतं, आणि पडल्याही. पण बऱ्याच जणांनी लिहिलं, "खरा असो, खोटा असो, छान आहे ना?" ते वाचून त्याला शिव्यांहून जास्त लाज वाटली. आणि मग ते सुरू झालं, ज्याचा त्याने विचारच केला नव्हता. "म्हणजे आधीचेही असेच असणार," कोणीतरी लिहिलं. पुलावरचे मजूर खोटे, टोपल्यावाल्या बायका खोट्या. त्या फिटरच्या फोटोखाली एकाने लिहिलं, "चाकापेक्षा माणूस बुटका? कॉम्प्युटरला प्रमाण कळत नाही." चष्मेवाल्याने मूळ कागदाचे फोटो काढून लावले, अल्बमचं पान दाखवलं. "हेही बनवता येतं," असं उत्तर आलं. ते खरंच होतं.

ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांचे फोटो विश्वासाने दिले होते, त्यांचे फोन यायला लागले. आवाज वरवर नरम असायचे. "आमचा तेवढा काढून टाका तुमच्या पानावरून. उगाच लोक काहीबाही बोलतात." काहींनी मूळ फोटो त्याच्याकडेच सांभाळायला ठेवले होते. ते त्याने स्वतः घरोघरी नेऊन परत केले. एका म्हातारबुवांनी दारातच फोटो घेतला, उलटून मागची बाजू बघितली, आणि "खात्री करून घेतो" असं म्हणून आत गेले. तो पायरीवर उभा राहिला. त्यांच्या स्वतःच्या वडिलांचा फोटो होता तो.

आणि तो फलाटावरचा माणूस मात्र इंटरनेटवर फिरतच राहिला. दर वेळी निराळ्या नावाने, निराळ्या स्टेशनवर. कुठे दिसला की चष्मेवाला त्याच्याखाली लिहायचा, "हा फोटो खोटा आहे. मी बनवला आहे." बहुतेक ठिकाणी त्याला कोणी उत्तर देत नसे. एका ठिकाणी एकाने लिहिलं, "श्रेय लाटायची काय हौस असते लोकांना!"

घड्याळजी त्याच आठवड्यात आपल्या शहरात परत गेले. सिस्टर बाजारात यायच्या त्या पलीकडच्या फुटपाथने. तो दुकानात असला तर खाली वाकून काहीतरी शोधायला लागायचा.

बऱ्याच दिवसांनी एकदा भाची आली. मावशीच्या चष्म्याची दांडी निखळली होती. चष्मेवाल्याने मुकाट्याने चष्मा घेतला, दिव्याखाली धरला आणि बारीक पेचकस शोधला. बायको बाहेर गेली होती. दुकानात दोघंच होते.

"मामांचा रोज सकाळी फोन येतो," भाची एकदम म्हणाली. "अण्णांबद्दल सांगतात. रोज थोडं थोडं. आधी म्हणायचे शब्दांत येत नाही. आता धडपडून आणतात. परवा भुवयांवरच भांडले दोघं. मग हसले."

त्याचा पेचकस थांबला. "मग... सिस्टरांना आता दिसतात का?"

"कधी ते येतात, म्हणते. कधी हा फोटोतला येतो." तिने काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवलं. "हे तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. खरं तर चष्मा दुसरीकडे दे, असंही म्हणाली होती. मला शाळेला उशीर होत होता."

त्याने स्क्रू बसवला. दांडी दोनदा उघडमीट करून बघितली. भिंगं पुसली. चष्मा तिच्या हातात देताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

"मग इथे दुरुस्त केला असं सांगू नका त्यांना," तो म्हणाला. "दुसरीकडे केला म्हणा. उगाच त्रास होईल."

भाची पिशवीत चष्मा ठेवता ठेवता थांबली.

"खोटं सांगू?"

काय बोलून गेलो ते त्याला तिच्या तोंडून ऐकल्यावर कळलं.

"नाही," तो म्हणाला. "इथेच केला म्हणून सांगा. मी केला म्हणून सांगा."

"सांगते," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.